पिकअपसाठी उंच आणि अरुंद ऑफ-रोड टायर: साइज कोणता, हवा किती, निगा कशी?

वाटाड्या

फोर-बाय-फोर डबल कॅब पिकअपचे टायर संपत आलेत. या वेळी रुंद टायरऐवजी उंच आणि अरुंद साइजकडे जायचा विचार आहे. गाडीची माहिती अशी: कंपनीचा साइज २६५/६५ आर १७, लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ११२. रिम १७ × ७.५ इंच, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर, मिमीमध्ये) +३०. पुढे कॉइल, मागे पाटे, लिफ्ट केलेली नाही. डिफरन्शियलचा (अॅक्सलमधली गिअरपेटी, जी दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते) रेशो ३.९. फोर-व्हील पार्ट-टाइम आहे, म्हणजे मध्ये डिफरन्शियल नाही.

हौद्यात अवजारं, पाण्याचे कॅन, कधी जनरेटर असं ३०० ते ४०० किलो वजन असतं. निम्मे दिवस हौदा रिकामा. ७० टक्के डांबर, बाकी मुरूम, दगडगोट्यांचे ओढे आणि पावसाळ्यात चिकट मातीच्या खोल चाकोऱ्या. वाळू क्वचितच लागते.

विचारायचं आहे ते हे: लिफ्ट न करता कुठपर्यंत उंच जाता येईल? अरुंद टायरचा फायदा खरंच जाणवतो का? आणि टेन-प्लाय टायर घेतला तर हवा किती ठेवायची? दारावरच्या स्टिकरवरचा आकडा चालेल का?

---

लीफस्प्रिंग

आधी साइजचा हिशेब. मिलिमीटरमधली रुंदी गुणिले टक्का गुणिले दोन, त्यात रिमचा व्यास (१७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी) मिळवला की टायरचा कागदावरचा व्यास येतो. तुमच्या रिमसाठी विचारात घेण्यासारखे साइज:

२६५/६५ आर १७ (आत्ताचा): ७७६ मिमी
२४५/७५ आर १७: ७९९ मिमी
२३५/८० आर १७: ८०८ मिमी
२५५/७५ आर १७: ८१४ मिमी
२८५/७० आर १७: ८३१ मिमी
२५५/८० आर १७: ८४० मिमी, म्हणजेच ज्याला सगळे तेहतीस इंची म्हणतात तो

प्रत्यक्ष मोजमाप कंपनीगणिक आणि नक्षीगणिक काही मिलिमीटर इकडे-तिकडे होतं. खरेदीआधी त्या मॉडेलच्या तक्त्यात खरा व्यास आणि वजन, दोन्ही बघा.

आता मिळतं काय? मागचा सलग अॅक्सल असलेल्या गाडीत मागचं डिफरन्शियल जमिनीपासून वर नेण्याचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे टायरची त्रिज्या. लिफ्ट किटने चॅसी वर जाते, मागचा भोपळा, म्हणजे डिफरन्शियलचं गोल घर, आहे तिथेच राहतो. २५५/८० घातला तर तो ३२ मिमी वर जाईल, २४५/७५ ने साधारण ११ मिमी. ओढ्यातल्या गोट्यांवर ३२ मिमी हा मोठा फरक आहे. ११ मिमी जेमतेम जाणवेल.

अरुंदपणाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. २६५ वरून २५५ वर येणं म्हणजे रुंदीत चार टक्केसुद्धा फरक नाही. त्याने चिखलात चमत्कार होणार नाही. खरी तुलना करायची ती २५५/८० आणि २८५/७० यांच्यात. उंची जवळपास सारखी, पण २५५ चं चाक हलकं, स्टिअरिंगवर ताण कमी, समोरून चिखल आणि हवा कमी ढकलावी लागते. शिवाय तुमच्या मूळ रिमवर आणि मूळ ऑफसेटवर ते बसतं. २८५ घातला की आत कंट्रोल आर्मशी जागा कमी पडते, म्हणून स्पेसर किंवा कमी ऑफसेटची रिम येते. त्यामुळे चाक बाहेर जातं आणि वळताना जास्त मोठा घेर फिरून मडगार्डला लागतं. एका टायरच्या हट्टापायी चार गोष्टी बदलाव्या लागतात. अरुंद टायरने ही साखळी सुरूच होत नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

रिमची रुंदीही जुळली पाहिजे. २५५/८० आणि २४५/७५ दोन्ही ७.५ इंचावर व्यवस्थित बसतात. २३५/८० साठी ७.५ ही वरची मर्यादा, बसतो पण बीड (टायरची रिमवर बसणारी कड) ताणलेली राहते. अरुंद टायर मुळात ७ च्या आसपासच्या रिमवर शोभतो, कारण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, रिमच्या कडेपेक्षा बाहेर राहते. दगडाचा फटका आधी रबराला बसतो, रिमला नाही. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने वाढते, हेही मोजताना धरा.

गिअरिंग: २५५/८० ने गाडीचा ३.९ चा रेशो प्रत्यक्षात ३.६ सारखा वागेल. घाटात पाचव्यावर चढणारी गाडी चौथा मागेल, लो-रेंजमध्ये उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी पडेल. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा चाकाचा वेग आधीपेक्षा ८ टक्के जास्त असेल. मूळ काटे थोडे जास्तच दाखवतात, म्हणून जीपीएसवर तपासून खरा फरक टिपून ठेवा. रेशो मूळ जागी आणायचा तर ४.२ च्या आसपासचे गिअर लागतील, पुढे-मागे दोन्हीकडे. २४५/७५ ला यातलं काहीच लागत नाही, फरक तीन टक्क्यांचा.

लिफ्टशिवाय २५५/८० बसवायचा तर पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला घासतो, म्हणजे मडफ्लॅप, प्लास्टिकचं लायनर आणि त्यामागचा बॉडी माउंट. लोअर आर्मचे कॅम फिरवून कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) वाढवला तर चाक काही मिलिमीटर पुढे सरकतं, तेवढ्याने बऱ्याच गाड्यांत काम होतं. लायनर हीट गनने मागे दाबून बसवता येतं. तपासणी सपाट जागेवर करून उपयोग नाही. एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवा, मग हेच रिव्हर्समध्ये करा. घासणं बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये, पूर्ण लॉकवर, ब्रेक दाबताना सापडतं. ज्या जागी प्लास्टिक चकाकलेलं दिसेल ती जागा घासते.

स्टेपनी विसरू नका. हौद्याखाली ८४० मिमीचं चाक बसतं का, हे टायर घेण्याआधी टेपने मोजा. चॅसीच्या दोन रेल, मागचा बंपर आणि सायलेन्सर, या सगळ्यांत जागा उरली पाहिजे. हवा काढून कोंबलेली स्टेपनी ऐन वेळी कामाची नसते.

---

हवापाणी

साइजबद्दल वर सगळं आलंच आहे, पण त्या यादीतल्या एका आकड्यावर थांबायला हवं. २५५/७५ आर १७ हा बहुधा लोड रेंज सी (टायरच्या ताकदीची श्रेणी) मध्ये मिळतो, लोड इंडेक्स १११. म्हणजे एका टायरला १०९० किलो. तुमचा मूळ टायर ११२, म्हणजे ११२० किलो. उंची छान असली तरी मूळ इंडेक्सपेक्षा खाली जायचं नाही, हा नियम पिकअपला तर अजिबात मोडायचा नाही. विमा आणि पासिंगचा प्रश्नही तिथेच उभा राहतो. २४५/७५ आणि २५५/८० लोड रेंज ई मध्ये १२१ इंडेक्सचे मिळतात, १४५० किलो. तुमच्यासाठी निवड या दोनांतली.

आता दारावरचा स्टिकर. नाही, तो आकडा चालणार नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त टायर फुकट जातात.

मूळ टायर प्रवासी वर्गातला आहे. तो आपली पूर्ण क्षमता, ११२० किलो, ३६ पीएसआयच्या आसपास देतो. लाइट ट्रक वर्गाचा, साइजच्या आधी एलटी लिहिलेला टायर आपली पूर्ण क्षमता ८० पीएसआयला देतो. कमी हवेवर तो कमी वजन पेलतो. ‘टेन-प्लाय आहे, कितीही वजन घेईल’ हे फक्त ८० पीएसआयला खरं आहे. (आणि टेन-प्लाय म्हणजे आत दहा थर असतात असंही नाही, ती ताकदीची श्रेणी आहे. सी म्हणजे सहा, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. त्यांचे कमाल दाब साधारण ५०, ६५ आणि ८० पीएसआय.)

उदाहरणासाठी एलटी २३५/८५ आर १६ घ्या, अरुंद टायरांतला सगळ्यात जुना-जाणता साइज. एका टायरची क्षमता साधारण अशी: ३५ पीएसआयला ७७० किलो, ४० ला ८५०, ४५ ला ९२०, ५० ला १०००, ६५ ला ११९०, ८० ला १३८०. म्हणजे स्टिकरवरचे ३० ते ३५ पीएसआय तसेच ठेवले तर भरलेल्या हौद्याखाली मागचे टायर कमी हवेवर पळतात. बाहेरून काही दिसत नाही, कारण ई रेंजची साइडवॉल कडक असते, फुगवटा येत नाही. आत मात्र प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल वाकते, तापते आणि शेवटी खांद्यापाशी नक्षीखालचे स्टीलचे पट्टे सुटतात.

आकडा कसा काढायचा? गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन, मग फक्त मागची. एकदा रिकामी, एकदा नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह. अॅक्सलचं वजन भागिले दोन, त्यावर १५ टक्के राखीव. समजा भरलेल्या गाडीचा मागचा अॅक्सल १६०० किलो भरला. एका चाकावर ८००, राखीव धरून ९२०. वरच्या तक्त्यात ४५ पीएसआय. पुढचा १२०० असेल तर एका चाकावर ६००, राखीव धरून ६९०, म्हणजे ३५ पुरतात. रिकाम्या गाडीत मागचा हिशेब ३५ च्या खाली येईल, पण हायवेवर ३५ च्या खाली जाऊ नका. हा तक्ता २३५/८५ चा आहे. तुम्ही जो साइज घ्याल त्याचा तक्ता कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असतो, तोच वापरा.

जास्त हवा भरली म्हणून गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. पाटे, अॅक्सल, ब्रेक तेच आहेत. रिमच्या आतल्या बाजूला रिमची स्वतःची भारमर्यादा कोरलेली असते, तीही बघा.

व्हॉल्व्हकडे कोणी लक्ष देत नाही. कारला लागतो तो साधा रबरी व्हॉल्व्ह, टीआर ४१३, ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. हवा कमी-जास्त करत राहणाऱ्या गाडीला धातूचा, आतून-बाहेरून नटने आवळलेला व्हॉल्व्ह लावा. दगड लागून मुळाशी फाटण्याचा धोकाही कमी होतो. टायर चढवतानाच सांगावं लागतं, नंतर परत टायर उतरवावा लागेल.

---

वाटाड्या

खूप उपयोगी माहिती, आभार. वजनकाट्याचं डोक्यातच नव्हतं. २५५/७५ यादीतून काढला.

पुढचा प्रश्न नक्षीचा. चिकट मातीसाठी मड-टेरेन घ्यावा असं वाटतं, पण ७० टक्के डांबर आहे. आणि अरुंद टायर चिखलात रुततो की तळ गाठतो? दोन्ही ऐकलंय.

---

चाकोरी

दोन्ही खरं आहे, फरक खाली काय आहे त्याचा. वरचा चिखल १५ ते २० सेंटिमीटर आणि खाली घट्ट मुरूम असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली बसतो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर वरच्या थरावर तरंगत घसरत राहतो. खाली तळच नसेल, म्हणजे भातखाचर, दलदल किंवा गाळ, तर अरुंद टायर कापतच जातो आणि गाडी पोटावर बसते. तिथे कोणताही टायर घेतला तरी आधी काठी खुपसून खोली बघणं हाच उपाय. ओल्या डांबरावर साचलेल्या पाण्यातून जाताना अरुंद टायर सरस, कारण त्याला बाजूला सारायचं पाणी कमी असतं.

वाळूबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं लोक समजतात. तो मुख्यतः लांब होतो. उंच टायरच्या साइडवॉलला दबायला जागा जास्त, म्हणून जमिनीवरचा ठसा पुढे-मागे पसरतो, आणि अरुंद उंच टायरही वाळूत व्यवस्थित चालतो. मऊ टेकड्यांवर रुंद टायरच बरा, पण तुमचं ते काम नाही.

नक्षी: ७० टक्के डांबर असेल तर मड-टेरेनचा हट्ट सोडा. मोठ्या ब्लॉकमध्ये बारीक चिरा कमी असतात, म्हणून ओल्या डांबरावर ब्रेकचं अंतर वाढतं, आणि नक्षी अर्धी झाल्यावर आवाज वाढतो. त्यापेक्षा खांद्यावर आणि साइडवॉलच्या वरच्या भागात जाड दाते असलेला भक्कम ऑल-टेरेन घ्या. चाकोरीतून बाहेर निघताना टायर कडेवर चढतो, तेव्हा काम करतात ते हे बाजूचे दाते, मधली नक्षी नव्हे. चिकट माती कोणत्याही नक्षीत भरते. ती फेकायला चाक फिरावं लागतं, म्हणून चिखलात दुसऱ्या-तिसऱ्या लो गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा. पहिल्या गिअरमध्ये रांगत गेलं तर नक्षी भरलेलीच राहते आणि टायर गुळगुळीत होतो.

२५५/८० मध्ये बीएफगुडरिच केएम३ मिळतो, पण तो मड-टेरेन आहे, हे वरच्या संदर्भात बघा. अरुंद साइजमध्ये मॉडेल मोजकीच असतात. पाच टायर एकदम घ्या, कारण दोन वर्षांनी तोच साइज त्याच नक्षीत मिळेलच असं नाही.

---

टॉर्करेंच

निगेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, ते लिहितो. उंच टायर नीट सांभाळला नाही तर अर्ध्या आयुष्यात आवाज करायला लागतो, आणि मग लोक टायरला दोष देतात.

चढवताना. साइडवॉलवर लाल किंवा पिवळा ठिपका असेल तर दुकानदाराला दाखवा. पिवळा हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ आणतात. बॅलन्सिंग यंत्रावर एका चाकाला १५० ग्रॅमच्या वर वजन मागितलं जात असेल तर वजनं चिकटवत बसू नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा, बहुतेक वेळा वजन निम्म्यावर येतं. वजनं रिमच्या आतल्या भिंतीवर लावा, बाहेरच्या कडेवर लावलेली पहिल्या खडकावर निघतात. नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला, ताऱ्याच्या आकाराच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. एअर गनने शेवटचं आवळणं चालणार नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत तपासा, रिम बसली की नट थोडे सैल पडतात. अलाइनमेंट नव्या टायरवर, हवा ठरवल्यानंतर करा.

स्टिअरिंग थरथरणं. चिखलातून आल्यावर ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी रिमची आतली बाजू धुवा. मूठभर वाळलेली माती एका बाजूला चिकटली की बॅलन्सिंग गेल्यासारखंच वाटतं. जेट पाण्याने स्पोकच्या मागे, ब्रेक कॅलिपरकडून मारा. धुऊनही राहिलं तर बॅलन्सिंग, तेही नीट असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि व्हील बेअरिंग. टायर जड आणि मोठा झाला की हे भाग लवकर ढिले होतात, म्हणून दर सर्व्हिसला चाक उचलून वर-खाली आणि डावी-उजवी हलवून बघायचं.

जागा बदलणं. दर ८,००० किलोमीटरला, स्टेपनीसह पाचही. क्रम असा: स्टेपनी मागे उजवीकडे, मागचं उजवं पुढे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे, मागचं डावं पुढे डावीकडे, पुढचं डावं स्टेपनीला. पाच फेऱ्यांत प्रत्येक टायर सगळ्या जागा फिरून येतो आणि पाचही सारखे झिजतात. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये याला जास्त महत्त्व आहे, कारण पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा झाला की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) ताण येतो. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायच्या नाहीत, फक्त पुढे-मागे.

झीज वाचायला शिका. टायरच्या आडव्या दिशेने तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागलं तर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बिघडलाय. प्रत्येक ब्लॉकची एक कड उंच आणि दुसरी खाली, म्हणजे जागा बदलायला उशीर झालाय. मोठ्या ब्लॉकच्या टायरात हे फार लवकर येतं, आणि एकदा रुजलं की आवाज जात नाही. ठरावीक अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअब बघा. मध्ये झिजतोय आणि कडा ताज्या, म्हणजे रिकाम्या हौद्याला हवा जास्त. ई रेंज टायर ६० वर ठेवून रिकामी गाडी चालवणाऱ्यांचं मागे नेमकं हेच होतं. खडूने टायरवर आडवी जाड रेघ मारून सपाट रस्त्यावर सरळ ५० मीटर चालवा. फक्त मध्ये पुसली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली तर कमी, पूर्ण रुंदीत सारखी पुसली तर बरोबर. पण हवापाणी यांनी सांगितलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षा खाली जायला या खडूचं निमित्त करायचं नाही.

दगड आणि चिरा. नक्षीत अडकलेले टोकदार खडे महिन्यातून एकदा बोथट स्क्रूड्रायव्हरने काढा. आत राहिलेला खडा प्रत्येक फेऱ्याला रबर खोदत पट्ट्यापर्यंत पोचतो, पाणी आत जातं, स्टीलच्या तारा गंजतात. साइडवॉलवर चीर दिसली तर हवा भरलेली असतानाच बोटाने हलकेच उघडून बघा. आत फक्त काळं रबर असेल तर लक्ष ठेवायचं. धागे दिसले, किंवा चिरेजवळ फुगवटा आला, तर तो टायर संपला.

पंक्चर. नक्षीच्या मधल्या भागात ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. पक्कं काम म्हणजे टायर उतरवून आतून छत्रीसारखा पॅच, ज्याची दांडी भोकातून बाहेर येते. बाहेरून घातलेली चिकट दोरी ही गावात पोचेपर्यंतची सोय. खांद्यावर आणि साइडवॉलवर पक्की दुरुस्ती होत नाही. रानात साइडवॉल फाटली तर दोन-तीन दोऱ्या शेजारी-शेजारी घालून, २० ते ३० च्या वेगाने रस्त्याला लागायचं आणि तिथे स्टेपनी. ट्यूबलेस टायरात साधी ट्यूब घालून वापरत राहू नका. टायरच्या आतल्या उंचवट्यांवर ट्यूब घासून फाटते आणि हवा एका झटक्यात जाते.

नक्षीची खोली. कायद्याचा १.६ मिमीचा आकडा डांबरासाठी आहे. मातीत ५ मिमीच्या खाली टायर साफ होणं थांबवतो आणि पातळ झालेल्या रबरातून दगड सहज शिरतो. वयासाठी साइडवॉलवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे: २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी कसून तपासणी, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, बाद. स्टेपनी यातच मरते, न वापरता.

---

चाकोरी

टॉर्करेंच यांच्या यादीला जोड, हवा कमी करण्याबद्दल.

ई रेंजची साइडवॉल कडक असल्यामुळे नुसता आकडा पाहून फसगत होते. मऊ टायर २६ पीएसआयला जितका दबतो, तितका हा २० ला दबतो. म्हणून आकड्यापेक्षा उंची मोजा: सपाट जागेवर, हायवेच्या हवेवर, रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत. समजा १८० मिमी आली. दगडगोट्यांसाठी ती १५५ च्या आसपास येईपर्यंत हवा सोडा, वाळूसाठी १३५ ते १४०. त्या वेळी गेज काय दाखवतं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी तोच आकडा तुमच्या गाडीचा. रिकाम्या हौद्याचा आणि भरलेल्या हौद्याचा वेगळा.

सुरुवातीला धरायला: खडबडीत मुरूम २८ ते ३०, ओढ्यातले गोटे २० ते २२, चिखल २२ ते २५, वाळू १६ ते १८. मागे सामान असेल तर मागे ४ ते ५ जास्त. १५ च्या खाली बीडलॉक (बीड रिमला आवळून धरणारी कडी) नसताना जाऊ नका. तीव्र वळणावर किंवा आडव्या उतारावर बीड रिमवरून सुटते. २० च्या आसपास असताना ४० च्या वर वेग नको. दगडांवर हवा फारच कमी केली की साइडवॉल बाहेर फुगून कडांना लागते, त्यामुळे तिथे ‘जितकी कमी तितकी बरी’ हे खोटं आहे.

डांबरावर येताच हवा परत भरा, ‘पुढच्या पंपावर बघू’ नको. या साइजच्या एका टायरात साधारण ७० लिटर जागा असते. १८ वरून ३८ वर न्यायला जवळपास १०० लिटर मोकळी हवा लागते, चार टायरांना ४००. मिनिटाला ७० लिटर लिहिलेला कॉम्प्रेसर दाब चढला की त्याच्या बराच खाली काम करतो, म्हणून प्रत्येक टायरला दोन ते तीन मिनिटं धरा, आणि क्लॅम्प थेट बॅटरीला लावा, लायटरच्या सॉकेटला नाही.

बीड सुटलीच तर: चाक उचला, बीड आणि रिम धुऊन माती काढा, साबणाचं पाणी लावा, रॅचेट पट्टा नक्षीभोवती गुंडाळून आवळा म्हणजे बीड बाहेर सरकते, व्हॉल्व्हचा पिन काढून हवा भरा. ‘टप’ असा आवाज दोनदा आला की बीड बसली. स्प्रे मारून काडी लावणारे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. रिम फुटून माणसं जखमी होतात.

---

वाटाड्या

निर्णय झाला, गिअर बदलायचे नाहीत म्हणून २४५/७५ आर १७, लोड रेंज ई, ऑल-टेरेन. एकच शेवटचं. बजेटमुळे सध्या चार नवीन आणि स्टेपनीला जुना २६५/६५ ठेवला तर?

---

हवापाणी

चालेल, पण अटींवर. दोन्हींच्या घेरात तीन टक्के फरक आहे, त्यामुळे जुनी स्टेपनी लागली असताना फोर-व्हील अजिबात गुंतवायचं नाही, मातीवरसुद्धा टाळा. मागच्या डिफरन्शियलला लिमिटेड-स्लिप किंवा लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर स्टेपनी मागे लावायची नाही. पंक्चर मागचं झालं असेल तर पुढचं नवं चाक मागे न्या आणि जुनं पुढे लावा. थोडी कटकट आहे, पण डिफरन्शियलच्या क्लच प्लेट वाचतात. वेग ८० च्या आत, एबीएस किंवा स्टॅबिलिटीचा दिवा लागला तर नवल नाही. स्टेपनीची हवा तिच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे ३६ च्या आसपास, आणि मागे ४०० किलो असताना ती मागे लावून लांब पल्ला मारायचा नाही.

आणि पाचवा टायर लवकरात लवकर घ्या, पहिल्या ८,००० किलोमीटरच्या आत. त्यानंतर घेतला तर तो बाकी चारांपेक्षा उंच राहील आणि जागा बदलण्याच्या चक्रात बसणार नाही. ५,००० च्या आसपास घेऊन थेट मागे उजवीकडे लावला तर फरक एखाद्या मिलिमीटरचाच असतो.